अमेरिकेत गव्हर्नर 'पहिल्यापासून जनतेचा' नव्हता

एक दावा सध्या जोरात फिरतोय: अमेरिकेतल्या राज्यांचा गव्हर्नर, म्हणजे राज्याचा कारभारप्रमुख, पहिल्या दिवसापासून जनताच थेट निवडते, आणि जिथे विधिमंडळाने निवडला तिथे कौल चोरला गेला. हे खरं नाही.

'पहिल्या दिवसापासून' हे आधी घेऊ. व्हर्जिनियाच्या 1776 च्या राज्यघटनेप्रमाणे गव्हर्नर दरवर्षी दोन्ही सभागृहं निवडत. थॉमस जेफरसन 1779 मध्ये असेच निवडून आले, जॉन पेज या जुन्या मित्राविरुद्ध, 67 विरुद्ध 61 मतांनी. थेट मतदान तिथे 1851 च्या राज्यघटनेने आलं, साउथ कॅरोलिनात तर 1865 मध्ये. लोकांना बाजूला सारायचं म्हणून ही पद्धत आली नव्हती. स्वातंत्र्याआधी ब्रिटिश राजाने नेमलेले गव्हर्नर सभागृह बरखास्त करत; 1774 मध्ये डनमोर यांनी व्हर्जिनियात तेच केलं. तो राग ताजा होता. म्हणून गव्हर्नर सभागृहाच्या मुठीत ठेवला आणि त्याला नकाराधिकारही दिला नाही.

आता 'चोरी'. मॅसॅच्युसेट्समध्ये मतदान थेटच होतं, पण जिंकायला निम्म्याहून जास्त मतं लागत. तेवढी कुणालाच न मिळाल्यास खालचं सभागृह आघाडीच्या चौघांतून दोघे निवडी आणि त्यांतला एक सिनेट ठरवी. हा नियम 1780 च्या राज्यघटनेत स्पष्ट लिहिलेला होता. 1785 मध्ये गव्हर्नर जॉन हॅन्कॉक पायउतार झाले, मतं विभागली, आणि सिनेटने थॉमस कुशिंग यांच्याऐवजी जेम्स बोडन यांना निवडलं. नियम आधीचा, निकाल नंतरचा. यात चोरी कुठे? कर आणि कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्यांचं बंड बोडन यांनी सैन्य पाठवून मोडलं, तेव्हा मतदारांनी 1787 मध्ये त्यांना घरी बसवून हॅन्कॉकना प्रचंड बहुमताने परत आणलं. मुदत एकच वर्षाची होती, म्हणून हे इतक्या लवकर जमलं.

व्हरमाँटचं 1789 चं उदाहरण मात्र खरोखर टोचतं. थॉमस चिटेंडन मतांत पहिले होते, पण निम्मी मतं नव्हती. विधिमंडळाने मोझेस रॉबिन्सन यांना निवडलं. नियमात बसणारा हा निर्णय मला तरी पटत नाही. पुढच्याच वर्षी चिटेंडन परत आले.

'हे सगळं कधीच संपलं', असंही त्या दाव्यात जोडलेलं असतं. व्हरमाँटमध्ये तो नियम आजही आहे: जानेवारी 2015 मध्ये विधिमंडळाने पीटर शुमलिन यांना 110 विरुद्ध 69 मतांनी निवडलं. मतदानात तेच पहिले होते.