नुसतं व्हेज मागून भागत नाही

'परदेशात शाकाहारी जेवण मागा, कोशरची काळजी मिटली' हा तुमच्या लेखातला सल्ला पटला नाही. कोशर म्हणजे ज्यू धर्माच्या आहारनियमांत बसणारं अन्न. आम्ही बडोद्याचे बेने इस्राएल, म्हणजे भारतातले मराठी बोलणारे ज्यू. भाचीच्या हनिमूनची खलबतं सध्या आमच्याच घरी चालली आहेत. युरोपात कितीतरी चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) घालून करतात, पुडिंगात जनावरांच्या हाडा-कातड्यापासूनचं जिलेटिन असतं, आणि तवा तोच, ज्यावर मघाशी बेकन परतलेलं! वाइनही कोशरच लागते.

म्हणून मी इटली सुचवली. व्हेनिसची ज्यू वस्ती १५१६ सालची, कोशर जेवण तिथे मिळतं. रोमच्या गेटोत, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत, तर अख्खं आर्टिचोक (मोठ्या कळीसारखी भाजी) तेलात फुलासारखं उमलेपर्यंत तळतात, पाकळ्या कुरकुरीत. विमानातलं कोशर जेवण आधी नोंदवायचं, सीलबंद येतं.

खरी गंमत शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची. शुक्रवारी सूर्यास्ताआधी मुक्कामी पोचायचं, शनिवारी रात्र होईपर्यंत प्रवास बंद. विजेची बटणं दाबायची नाहीत, लिफ्टचंही नाही, म्हणून खोली खालच्या मजल्यावर. दाराला विजेवर चालणारं कार्ड नको, साधी किल्ली हवी. हे लेखात हवंच होतं.

भाचीची अट एकच: मामीनं रोज व्हिडिओ कॉलवर 'काय खाल्लंस?' विचारायचं नाही. बघू.