भांडण करिंथचं, पत्र रोमचं
रोमच्या ख्रिस्ती मंडळीचा पुढारी क्लेमेंट याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पत्राचा सारांश एका लेखात 'वडिलांचं (म्हणजे मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांचं) ऐका, म्हणजे मंडळीत एकी राहील' असा दिलाय, तो मला अर्धाच वाटला. इ.स. ९६ च्या सुमाराचं हे पत्र. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत काही जणांनी निर्दोष वडिलांना पदावरून काढलं, म्हणून रोमच्या मंडळीने लिहिलेलं. गंमत म्हणजे पत्रात क्लेमेंटचं नाव कुठेच नाही, सगळं 'आम्ही'च.

आणि आहे किती लांब! ६५ अध्याय. बायबलमधल्या काइन-हाबेल या भावांपासून मत्सराची यादी, मध्येच मेल्यावर पुन्हा जन्मणारा फिनिक्स पक्षी (पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून, बरं का!). पण खरी मेख ५४व्या अध्यायात आहे. तुमच्यात कोणी थोर मनाचा असेल, तर त्याने म्हणावं: माझ्यामुळे फूट पडत असेल तर मी निघतो, तुम्ही सांगाल तिथे जातो, कळप शांत राहू दे. म्हणजे बंड करणाऱ्यांना शाप नाही, बाजूला होण्याची सन्मानाची वाट दिलीय. आमच्या मंडळीत कमिटीवरून वाद झाला तेव्हा आम्ही हाच अध्याय वाचला. दोन्ही गटांनी मान डोलावली, आणि प्रत्येकाला वाटलं की हे समोरच्यासाठीच लिहिलंय!

४७व्या अध्यायात तर प्रेषित पौलाने पूर्वी करिंथलाच लिहिलेलं पत्र पुन्हा हातात घ्या असं बजावलंय. चाळीसेक वर्षांनी तेच गाव, तीच गटबाजी. शेवटी पत्र घेऊन आलेल्या तिघांना समेटाची बातमी देऊन लवकर परत पाठवा, अशी विनंती. रोमची मंडळी नुसतंच पत्र टाकून मोकळी झाली नव्हती.