नेक्स्ट दाबा, ग्रंथालय आलंच!

अभिनंदन! एफवायच्या मुलांना निबंधासाठी ग्रंथालयात संदर्भ कसे शोधायचे हे शिकवणारं ऑनलाइन ट्युटोरिअल बनवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. म्हणजे एकतर स्टाफरूममध्ये तुम्ही सगळ्यांत नवे आहात, नाहीतर मागच्या मीटिंगला उशिरा पोचलात. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या कोंडीतून येत असाल तर दुसरं कारण नक्की. घाबरू नका, मी यातून गेलोय. माझं ऐकलंत तर तीन आठवड्यांत सर्टिफिकेटं वाटून मोकळे व्हाल आणि एकाही पोराला पुस्तकाला हात लावावा लागणार नाही.

सर्वांत आधी, ग्रंथपाल मॅडमना काही विचारू नका. त्यांना हा विषय येतो, त्यामुळे काम लांबतं. मी भोळेपणाने विचारायला गेलो तर म्हणाल्या, "सर, आधी निबंधाचा विषय सांगा. काय शोधायचंय हेच मुलांना ठाऊक नसेल तर कसं शोधायचं ते मी काय शिकवू?" आता अशा बाईंशी कसं जमायचं! ट्युटोरिअल जुलैत संपवायचं असतं, विषय दिवाळीच्या तोंडावर ठरतो. मधल्या काळात मुलं सगळं विसरतात, हे खरं. पण शिकवल्याची नोंद विसरत नाही, ती फाइलीत राहते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या चौथ्या निकषात ग्रंथालय येतं, मुलांची स्मरणशक्ती येत नाही.

स्लाइडा भरपूर ठेवा. पहिल्या दहा इतिहासाला द्या. रंगनाथनांचा फोटो हवाच. त्यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं 'वाचकाचा वेळ वाचवा'. आपण तर वाचकाची ग्रंथालयात जायची खेपच वाचवतोय. मग पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारी ड्यूईसाहेबांची 1876 सालची दशांश पद्धत. मराठी साहित्याचा क्रमांक 891.46 असतो, हे मुलांकडून पाठ करून घ्या. हा क्रमांक आमच्या ग्रंथालयात नक्की कुठे आहे, असं कुणी विचारलं तर मात्र विषय बदला. आमच्याकडे तो जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागे आहे. व्हिडिओ काढताना कॅमेरा त्या बाजूला वळवू नका.

आता शोध घेण्याची तंत्रं. 'आणि', 'किंवा', 'वगळून' हे तीन शब्द शिकवायचे असतात. त्यासाठी चहा आणि कॉफीची दोन वर्तुळं काढा, पिढ्यान् पिढ्या तीच काढतात. चुकूनही आपल्या गावचं उदाहरण घेऊ नका. मी घेतलं होतं. विषय होता ठाण्याचे तलाव. पोरांनी सर्चमध्ये 'ठाणे' टाकलं आणि समोर पोलीस ठाणी उभी राहिली. म्हटलं, 'पोलीस' वगळा. मग 'तलाव' जोडा. मग तलावपाळीची बोटिंग, तिथली भेळ आणि सेल्फीच्या जागा येऊ लागल्या. तेवढ्यात एकाने विचारलं, कॅटलॉगमध्ये मराठी पुस्तकांची नावं इंग्रजी अक्षरांत भरलीयत, तर 'तलाव'च्या शेवटी व्ही घालू, डब्ल्यू घालू की ओ? उत्तर असं आहे की ज्याने नोंद केली त्याला त्या दिवशी जे सुचलं ते घाला, म्हणून तिन्ही घालून बघा आणि मध्ये 'किंवा' टाका. 'किंवा' कशासाठी असतो हे त्या वर्गाला तेव्हा कळलं. चहा-कॉफीतून मला स्वतःलाही कधी कळलं नव्हतं.

पण इथेच थांबता येत नाही, हा धोका लक्षात घ्या. जुन्या इंग्रजी पुस्तकांत आपल्या गावाच्या स्पेलिंगच्या शेवटी ई नाही, ए आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या सरकारी माहितीग्रंथाचा, ठाण्यावरचा तेरावा खंड 1882 चा, तोही त्याच स्पेलिंगने. म्हणजे आजचं स्पेलिंग टाकणाऱ्याला तो सापडायचाच नाही. हे एवढं सांगितलं की मुलं खरंच शोधायला लागतात, आणि शोधायला लागली की शंका घेऊन येतात. मी तासिका तत्त्वावर आहे. मला तासाचे पैसे मिळतात, शंकांचे नाहीत.

स्रोत तपासण्याबद्दल एकच स्लाइड करा: 'सरकारी माहिती विश्वासार्ह असते.' पुढे जाऊ नका. एका मुलाने लिहिलं होतं की ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा, 1 कोटी 10 लाखांवर. आकडा बरोबर, 2011 च्या जनगणनेतला, अगदी सरकारी. फक्त 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला, त्यामुळे तो ज्या जिल्ह्याबद्दल लिहीत होता तो आता तेवढा उरलाच नाही. खरा आकडा आणि चुकीचं वाक्य, याला क्विझमध्ये कुठला पर्याय देणार? त्यापेक्षा आमचा प्रश्न बघा. 'ग्रंथालयात काय असते? अ) पुस्तके ब) भाजी क) रिक्षा ड) यापैकी नाही.' प्रयत्न अमर्याद. तरी चौघांनी 'ड' निवडलं. त्यांनी आमचं ग्रंथालय पाहिलेलं असणार.

मुलं व्हिडिओ दुप्पट वेगाने लावून फोन उशीखाली ठेवतात, याचा त्रास करून घेऊ नका. आमच्या एका गुणी विद्यार्थ्याने एका रात्रीत अकरा मित्रांची ट्युटोरिअलं पूर्ण केली. त्याला प्रत्येक मित्रामागे एक वडापाव मिळाला. पूर्ण करणाऱ्यांची टक्केवारी बघून प्राचार्यांनी माझं सभेत कौतुक केलं.

संदर्भसूचीची मात्र आता काळजी नाही. ती चॅटबॉट देतो. परवा एक मुलगा पाच पुस्तकांची सुबक यादी घेऊन काउंटरवर आला. लेखक, प्रकाशक, साल, सगळं जिथल्या तिथे. मॅडमनी आपला कॅटलॉग पाहिला, मग इतर ग्रंथालयांचे पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाचपैकी तीन पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. 2023 साली न्यूयॉर्कमध्ये दोन वकिलांनी असेच चॅटबॉटने रचलेले खटले कोर्टापुढे ठेवले, त्यांना 5000 डॉलर दंड झाला. आमच्या मुलाने फीडबॅक फॉर्ममध्ये ग्रंथालयाला एक तारा दिला आणि खाली लिहिलं, 'पुस्तके उपलब्ध नाहीत.' मी तो फॉर्म निमूटपणे फाइलीत लावला.

शेवटी सर्टिफिकेट. कडेला सोनेरी वेलबुट्टी, प्राचार्यांची स्कॅन केलेली सही. नाव छापण्याआधी स्पेलिंग तपासू नका, मुलंही तपासत नाहीत.

एक प्रकरण तेवढं निस्तरायचं राहिलंय. दिवा स्टेशनहून येणाऱ्या एका मुलीचा नेटपॅक संपला आणि ती चौदाव्या स्लाइडवर अडकली. मला विचारायचं सोडून सरळ ग्रंथालयात गेली. मॅडमनी तारखेच्या शिक्क्याच्या खणातून किल्ली काढली, काचेचं कपाट उघडलं आणि तो 1882 चा खंड तिच्यापुढे ठेवला. शेजारी डिक्शनरी ठेवली. दोन दुपारी बसून तिने चार पानं वाचली. तिथून मॅडमनी तिला मराठी ग्रंथसंग्रहालयात धाडलं, ते 1893 पासून आपल्याच ठाण्यात आहे. निबंधात तिने दोनच संदर्भ दिलेत, पण पृष्ठक्रमांकासकट. आमच्या गुणांच्या तक्त्यात पृष्ठक्रमांकाला रकानाच नाही.

पोर्टलवर तिच्या नावापुढे लाल अक्षरांत 'अपूर्ण' दिसतंय. ट्युटोरिअल आता तुमच्याकडे आलंय, तर शुक्रवारच्या आत तिला नोटीस काढा. नमुना माझ्या ड्राइव्हवर आहे, फक्त तारीख बदला.