पायमशीनचं टेबल आणि इंची स्क्रू

घरातलं शिलाईचं पायमशीन अडगळीत गेलं की कुणीतरी मोबाइलवर फोटो दाखवतंच: बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा, काळा स्टँड, वर सागवानी फळी, फळीवर कॉफीचा मग. वर म्हणतं, ‘एका रविवारचं काम आहे.’ असं म्हणणाऱ्याच्या हातात मी आधी पाना देईन.

कारण पहिला बोल्टच हलत नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर मुरू द्यावा लागतो. चिडून हातोडा घातलात तर बीड वाकत नाही, थेट तुटतं. त्याला साधं वेल्डिंग धरत नाही, निकेलचा रॉड लागतो, आणि तो बाळगणारा वेल्डर शोधता शोधता दुसरा रविवार उजाडतो. जुन्या बोल्टांचे आटे इंची. दुकानातला मिलिमीटरचा नट दोन फेरे गोडीगुलाबीनं फिरतो आणि मग जावयासारखा अडून बसतो.

रंगाचं काम सरळ आहे: वायर ब्रश, 80 नंबरचा पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, एनॅमलचे दोन. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून पाणी लावून घासा आणि मास्क घाला.

पायडल काढू नका, पाय टेकायला झकास. मात्र त्याला चाकाशी जोडणारी उभी दांडी काढाच. नाहीतर बसलेला माणूस नकळत पाय मारू लागतो, चाक गरगरतं, लॅपटॉप थरथरतो आणि मीटिंगमधल्या साहेबांना वाटतं, हा ब्लाउज शिवतोय. दांडी काढल्यावर चाक मोकळं फिरतं. तेही तारेनं स्टँडला बांधा. आऱ्यांत पोरांची बोटं जातात, इथे गंमत नको.

आता फळी. 36 बाय 18 इंच पुरे. मोठी केली की पाहुणा नेमका बाहेर आलेल्या कोपऱ्यावर टेकतो. 19 मिमी प्लाय घेतलात तर स्क्रूचा हिशेब आधी करा. स्टँडची पट्टी 5 मिमी धरली, तर खालून मारलेला 25 मिमीचा, म्हणजे इंची स्क्रू, एक मिलिमीटर वर डोकावतो, तोही बरोबर मनगटाखाली. 20 मिमीचा घ्या. सलग सागाची फळी असेल तर ती पावसाळ्यात रुंदीला फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. सगळे स्क्रू करकचून आवळले की एप्रिलमध्ये तडा गेलाच म्हणून समजा. स्टँडची भोकं थोडी मोठी करून वॉशर घाला.

राहिलं वरचं मशीन. ते आजीचं असतं, त्यामुळे भंगारात द्यायची कुणाची छाती होत नाही. तेल देऊन जुन्या सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. प्लॅस्टिकमध्ये नको, आत दमट हवा कोंडून गंज चढतो. सुटे बोल्ट, दांडी आणि पट्टा एका डब्यात घालून डबा शेजारीच ठेवा. टेबलाचा रंग पुरता वाळायच्या आत स्वयंपाकघरातून हाक येणार आहे: ‘अहो, साडीला फॉल लावायचाय, मशीन काढता का जरा?’