सौजन्य: गुगल

सोसायटीची गणपतीची स्मरणिका काढायची ठरलं की आमच्या कोथरूडमधल्या तीन बिल्डिंगांमध्ये एकदम लेखकांचं पीक येतं, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेलं उचलून मला पाठवायचं आणि खाली लिहायचं "छान आहे, घ्या". संपादक मी. का, तर मला मराठी टायपिंग येतं.

आजीच्या थालीपिठावरचा एक हळवा लेख तीन जणांनी आपापल्या नावाने दिला. आजीचं गाव तेवढं प्रत्येकाने बदललं होतं, एकीची वाई, एकीचं चिपळूण, एकीचं थेट इंदूर, थालीपीठ मात्र शब्दाशब्दाने तेच. विचारलं तर बी विंगचे काका म्हणाले, "तीस टक्के बदललं की आपलं होतं." हे तीस टक्के कुठून आले देव जाणे, १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात असला काही टक्का नाही. मग काकांचा पुढचा मुद्दा, त्या लेखाखाली गोलातलं सी कुठंय? अहो, ते लागतच नाही, रजिस्ट्रेशनही लागत नाही, लिहिणाऱ्याने लिहिलं की हक्क त्याचा झाला.

फोटोंचं तर विचारूच नका. सिंहगडाचा सुंदर फोटो, खाली "सौजन्य: गुगल". गुगल काय पहाटे उठून खडकवासल्यावरून गाडी काढून वर जातं का फोटो काढायला? तुळशीबागेतून पर्स उचलायची आणि वर चिठ्ठी लावायची "सौजन्य: तुळशीबाग", त्यातली गत.

बरं, पैसे कुठे कमावतोय आपण, हे सेक्रेटरींचं पालुपद. पैसे न कमावता छापलं म्हणून आपोआप माफी मिळत नाही, आणि मागच्या पानावर मिठाईवाल्याची रंगीत जाहिरात घेतलीय ती काय फुकट? तर म्हणे देवाच्या कामाला कसला आलाय कॉपीराइट! आता गंमत अशी की यात थोडं तथ्य आहे. कलम ५२ मध्ये खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणी वाजवायला सूट आहे, लग्नाच्या वरातीलासुद्धा आहे. पण ती वाजवायला, स्मरणिका छापायला नाही. त्यांनी यातलं "सूट आहे" एवढंच ऐकलं आणि ग्रुपवर टाकून मोकळे झाले.

कवितांच्या बाबतीत मला जरा बरं वाटलं होतं. काकूंना म्हटलं, कवी गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, बालकवी १९१८ साली गेले, त्यांची कुठलीही कविता बिनधास्त घ्या. काकूंनी चष्मा वर केला आणि त्यांना हवी होती ती कविता पुढे केली.

"हे कवी हयात आहेत हो, काकू."

"अरेरे," काकू म्हणाल्या.

शेवटी परवानगी नसलेलं सगळं काढलं आणि उरलं काय, तर बालकवी, पोरांची चित्रं, टँकरचं वेळापत्रक आणि मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी. कमिटीने लगेच शेवटच्या पानावर "सर्व हक्क सुरक्षित" टाकलं. यादीत पहिल्या नंबरवर असलेले गृहस्थ रात्री जेवणाच्या वेळी दारात हजर.

"परवानगीशिवाय माझं नाव छापलंत? हे नाही का येत तुमच्या कॉपीराइटमध्ये?"

"नावावर कॉपीराइट नसतो हो," मी म्हटलं.