जिताड्याच्या उवा आणि ती एक सुई

देवगडकडच्या आमच्या खाडीत पिंजऱ्यात जिताडा मासा पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज तिसऱ्यांदा फिरतोय. परदेशात माशांच्या उवांवर (अंगाला चिकटणारे बारीक परजीवी) लस निघालीय, बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, एकदा टोचली की विकेपर्यंत टेन्शन नाही, कोळंबीलाही चालते, आपल्याकडे मुद्दाम येऊ देत नाहीत. आता दोघेजण वर्गणी काढायला निघालेत म्हणून लिहितोय.

लस निघालीय हे अगदीच खोटं नाही. चिलीत २०१५ ला सॅमन माशाच्या उवांवर एक लस आली, पण ती तिथल्या उवेसाठी, आणि ती येऊनही तिथले लोक औषधाच्या अंघोळी घालतातच. नॉर्वेत तर उवा खाणारे छोटे मासे पिंजऱ्यात सोडतात, सुईने भागलं असतं तर हा उद्योग कोणी केला असता का?

"एकदा टोचली की झालं" हे बहुतेक बॅक्टेरियाच्या लसींवरून उचललंय. ते मात्र खरंय, नॉर्वेत १९८७ ला ५० टनांच्या आसपास अँटीबायोटिक लागायचं, लसी आल्यावर ते एक टनाच्या खाली आलं. पण बॅक्टेरिया टाकीत वाढवून, मारून सुईत भरता येतो. ऊ माशाशिवाय वाढतच नाही, कात टाकत रूपं बदलते, आणि बसते कातडीच्या बाहेर, जिथे रक्तातल्या अँटीबॉडी जेमतेम पोचतात. अहो, माणसाच्या मलेरियाचा जंतूपण परजीवीच, त्याच्या पहिल्या लसीवर १९८७ पासून काम चालू होतं आणि डब्ल्यूएचओची शिफारस मिळाली २०२१ ला.

कोळंबीचं तर सोडाच. तिच्या अंगात अँटीबॉडी बनतच नाहीत, टोचून करणार काय!

मुद्दाम अडवलंय म्हणे. जिताड्याच्या उवांवरची लस बाजारातच नाही, अडवणार काय?

आम्ही काय करतो सांगतो. मासा जाळ्याला अंग घासायला लागला की एकदोन काढून कल्ल्याखाली बघायचं, कणीएवढ्या पारदर्शक उवा सरपटताना दिसतात. मग निळ्या ड्रमात विहिरीचं पाणी, पाव तास. जिताडा गोड्या पाण्यात मजेत राहतो, उवांना ते सोसत नाही, बऱ्याचशा गळून तळाला पडतात. सगळ्या नाही पडत, काही चिकटून राहतात, म्हणून परत परत करावं लागतं. (पहिल्या वेळी एअरेटर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) लावायला विसरलो, सात मासे गेले, चूक माझीच.)

वर्गणी जमलीच असेल तर जास्तीचं एक जाळं घ्या. कल्ल्यांना आणि कातडीला धरणाऱ्या चपट्या कृमींची अंडी शेवाळलेल्या धाग्यांत अडकून राहतात, जाळं बदलून कडक उन्हात वाळवलं की तीही मरतात.