दलदल सुकवा, झाडं लावा: त्या फॉरवर्डचं काय खरं काय खोटं

आपल्या नाशिकच्या गच्चीबाग ग्रुपांवर तो मेसेज परत फिरतोय. दलदल म्हणजे सडकं पाणी आणि मिथेनची, म्हणजे हवा तापवणाऱ्या वायूची, फॅक्टरी, चर खणून पाणी काढा, झाडं लावा, झाडं कार्बन खेचतील, फिनलंडनं करून दाखवलंय, आता आपल्या नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीतही करा. लोक हात जोडून पुढे पाठवतायत.

झाडं कार्बन खेचतात, मान्य, पण दलदलीच्या मातीत साठलेला सुटतो त्याचं काय? ही माती म्हणजे पीट, पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याचा थर. नर्सरीत पीट मॉसची गोणी मिळते ना, त्यातलं मूठभर घेऊन नीट बघा, शेवाळाचे तंतू अजून दिसतात. ते पूर्ण कुजलेलंच नसतं. लोणच्यावर तेल असेपर्यंत बुरशी धरत नाही तसं, वर पाणी आहे तोवर हवा लागत नाही. हा थर वर्षाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर पीट व्हायला हजारेक वर्षं, आणि चर खणला की हवा आत शिरते न तेच साठलेलं कार्बन डायऑक्साइड होऊन उडायला लागतं. जगाच्या जमिनीत पीट फक्त ३ टक्के, पण कार्बन सगळ्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त. स्कॉटलंडच्या फ्लो कंट्री नावाच्या पीटच्या दलदलीत १९८० च्या दशकात टॅक्स वाचतो म्हणून लोकांनी स्प्रूस ही सूचिपर्णी झाडं लावली, १९८८ ला सवलत गेली, आता तीच झाडं तोडून चर बुजवतायत.

मिथेनचं अगदीच खोटं नाही. ओल्या दलदलीतून तो सुटतो, आणि सुकवलेली परत भिजवली तर सुरुवातीला जास्तच सुटतो. पण मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं. शिवाय त्या चरात जे पाणी तुंबतं त्यातून मिथेन येतोच की!

फिनलंडचं अर्धंच सांगितलंय. सरकारी पैशातून अर्ध्याहून जास्त दलदलीत चर खणले, लाकूड भरपूर मिळालं हे खरं. नापीक पीटवर नुकसान कमी होतं हेही खरं, पण सुपीक पीट कार्बन सोडत राहतं. आणि सगळी झाडं एकदम तोडली की पाणी शोषणारं कोणी उरत नाही, पाणी वर येतं, मग चर परत उपसा, की गाळ न फॉस्फरस तळ्यात. म्हणून आता तिकडे निवडक झाडं तोडायचं चाललंय, उरलेली झाडंच पाणी आटोक्यात ठेवतात.

झाडं शत्रू नाहीत हो, बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात पीटवर आपोआप वाढलेली घनदाट जंगलं होती. इंडोनेशियानं १९९६ ला भातासाठी १० लाख हेक्टरची योजना काढून तिथे कालवे खणले, १९९७ ला दुष्काळात ते पीट पेटलं, आणि पीटची आग जमिनीखाली धुमसत राहते, वरून पाणी मारून विझत नाही.

राहिलं नांदूरमध्यमेश्वर. तिथे पीट नाहीच, गोदावरी-कादवा संगमावरच्या बंधाऱ्यात साठलेला गाळ आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. गोदावरीचे डावा-उजवा कालवेही तिथूनच निघतात, तेव्हा पाणी काढायच्या आधी कोपरगाव-राहात्याच्या शेतकऱ्यांना एकदा विचारून या.